डिझेलला जोड गॅसची

1897 हे साल इंजिनांच्या इतिहासात दोनदा लिहावं लागतं. त्या वर्षी 17 फेब्रुवारीला जर्मनीत आउग्सबुर्ग इथं रुडॉल्फ डिझेलच्या इंजिनाची अधिकृत चाचणी झाली. प्राध्यापक मोरिट्झ श्रोटर यांनी मोजमाप घेतलं आणि इंधनातली सुमारे 26 टक्के उष्णता कामी लागते, असं दाखवून दिलं. त्या काळची वाफेची इंजिनं या आकड्याच्या आसपासही नव्हती. त्याच वर्षी मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोगी वसाहतीत मैल्याच्या टाक्यांमधला वायू गोळा करून त्यावर इंजिन चालवलं गेल्याची नोंद सांडपाणीशास्त्राच्या जुन्या ग्रंथांत आहे. यंत्र जर्मनीतलं, वायू मुंबईतला. पुढं कित्येक वर्षांनी या दोघांची गाठ आमच्या वऱ्हाडातल्या गोठ्यांशेजारी आणि विहिरींच्या काठावर पडली.

मी वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावचा. नाशिककडच्या मालेगावशी गल्लत होऊ नये म्हणून जुनी माणसं ‘मालेगाव जहांगीर’ असं पूर्ण नाव घेतात. माझी सगळी नोकरी आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा ट्रेड शिकवण्यात गेली. आता निवृत्त आहे, तरी जनरेटर अडला की लोक बोलावतात. मागच्या लग्नसराईत एका मंगल कार्यालयाच्या मालकानं विचारलं, “सर, दिल्लीकडं जनरेटरले गॅसची किट लावून राह्यले म्हणते. धूर कमी होते, डिझेल वाचते. आपल्या इथं जमते काय?”

जमतं, हे एका शब्दाचं उत्तर झालं. पण मला त्याला सगळा इतिहास सांगावासा वाटला. डिझेल इंजिनाला गॅसची जोड देण्याचा प्रयोग मराठी मुलखाला नवा नाही. घरच्या वायूवर इंजिन चालवण्याची ही खटपट माझ्या माहितीप्रमाणे आपल्याकडे तीनदा जोरात आली आणि तीनदा ओसरली. ती का आली हे पुष्कळ जण सांगतात. ती का टिकली नाही, हे कळल्याशिवाय चौथ्यांदा किट बसवण्यात अर्थ नाही.

आधी आतली गोष्ट. डिझेल इंजिनात ठिणगीचा प्लग नसतो. सिलिंडरमधली हवा सोळा-सतरा पट दाबली जाते आणि ती इतकी तापते, की नोझलमधून शिंपडलेलं डिझेल आपोआप पेटतं. गॅस एवढ्यावर पेटत नाही. मिथेन आपोआप पेटायला पाचशे अंशांहून जास्त उष्णता लागते. डिझेलला त्याच्या निम्म्याच्या आसपास पुरते. म्हणून गॅस एअर क्लीनरच्या पुढं हवेत मिसळून आत घ्यायचा आणि दाब पुरा झाला की थोडंसं डिझेल सोडायचं. हे थोडं डिझेल आगपेटीतल्या काडीचं काम करतं. जाळ गॅसचा होतो. गॅस येऊ लागला की इंजिनाचा वेग वाढू पाहतो, गव्हर्नर लगेच डिझेल आवरतो. इंजिन उघडावं लागत नाही, हेड बदलावं लागत नाही. गॅस संपला तर तोच गव्हर्नर डिझेल वाढवतो आणि दिवे चालू राहतात. ही सोय ठिणगीच्या इंजिनात नाही. रुडॉल्फ डिझेललाही ती सुचली होती. 1901 मध्ये त्याला अमेरिकेत मिळालेल्या एका पेटंटात, हवेबरोबर दाबलेला एक वायू दुसऱ्या इंधनाच्या फवाऱ्यानं पेटवण्याची रीत मांडलेली आहे.

आपल्याकडे हे यंत्र घडू लागलं ते सातारा रोडला. धनजीशहा कूपर यांनी 1922 मध्ये तिथं कारखाना काढला आणि 1933 मध्ये डिझेल इंजिन तयार केलं. हेच सर धनजीशहा 1937 मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. पुढं 1946 मध्ये शंतनुराव किर्लोस्करांनी पुण्याला खडकीत किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी केली. या दोन तारखांच्या मध्ये दुसरं महायुद्ध येतं आणि त्यातच पहिली लाट.

युद्धात पेट्रोलवर रेशन आलं. प्रवासी मोटारींच्या मागं लोखंडी भट्ट्या बसल्या. कोळसा अर्धवट जाळला की त्यातून कार्बन मोनॉक्साइड आणि थोडा हायड्रोजन निघतो. तो थंड करून, गाळून इंजिनाला द्यायचा. आमच्या भागातली वडीलधारी माणसं सांगत, की गाडी निघण्याआधी क्लीनर बराच वेळ भट्टीचा पंखा फिरवत बसे आणि चढाला उतारूंना खाली उतरून ढकलावं लागे. यात अतिशयोक्ती नसावी. अशा वायूत जवळपास निम्मा भाग नायट्रोजन असतो, त्यामुळं पेट्रोलच्या इंजिनाची ताकद खूप घटते. ही इंजिनं ठिणगीची होती, म्हणून आजच्या अर्थानं ती जोड इंधनाची नव्हती. पण घरचं जळण वापरून बाहेरचं तेल वाचवायचं, हा विचार रस्त्यावर आला तो तेव्हा. युद्ध संपलं, पेट्रोल सुटलं आणि भट्ट्या भंगारात गेल्या. ते शिकलेल्या क्लीनरांचं ज्ञान कुणी लिहून ठेवलं नाही.

त्यानंतरची वर्षं विहिरीवरच्या इंजिनांची. आमच्या काळ्या मातीत कापूस, ज्वारी, तूर, पाणी खोल. मोटेचे बैल विहिरीवरून हलले आणि त्यांच्या जागी पाच हॉर्सपॉवरचं इंजिन आलं. आमच्या बाबांनी शेतातल्या विहिरीवर असंच एक बसवलं होतं आणि हंगाम सरला की तेच गिरणीला जोडलं जाई. लिव्हर उचलून दाब सोडायचा, हँडल मारून फ्लायव्हील फिरवायचं आणि वेग आला की लिव्हर टाकायची. पाच हॉर्सपॉवरचं इंजिन पूर्ण लोडवर तासाला लिटरभर डिझेल खातं. लिटराचा हा हिशोब शेतकऱ्याच्या डोक्यात पक्का असे, आणि 1973 मध्ये तेलाचे भाव जगभर भडकले तेव्हा तोच हिशोब त्याला बोचला.

तेव्हा दुसरी लाट आली, गोबर गॅसची. खादी ग्रामोद्योग आयोगानं 1960च्या दशकापासूनच लोखंडी टाकीच्या गोबर गॅस संयंत्रांचा प्रसार चालवला होता. ती प्रामुख्यानं चुलीसाठी होती. पण पुण्याच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सनं डिझेल आणि बायोगॅस अशा जोड इंधनावर चालणारी इंजिनंही बाजारात आणली. बायोगॅसमध्ये मिथेन साधारण 55 ते 60 टक्के असतो, उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड. संयंत्र नीट चाललं तर डिझेलची 70-80 टक्के बचत होते. हे मी स्वतः आयटीआयच्या शेडमध्ये एका जुन्या इंजिनावर पोरांना दाखवलेलं आहे. सायलेन्सरपुढं पांढरं फडकं धरायचं, आधी नुसत्या डिझेलवर आणि मग गॅसची जोड देऊन. दुसऱ्या फडक्याकडं पाहून पोरांना जे कळतं ते फळ्यावरच्या सूत्रानं कळत नाही.

मग हे गावोगाव का पसरलं नाही? शेणाचा हिशोब करा. एका हॉर्सपॉवरला तासाला साधारण 0.45 घनमीटर बायोगॅस लागतो. पाच हॉर्सपॉवरचं इंजिन रोज चार तास चालवायचं तर 9 घनमीटर. एक घनमीटर गॅसला 25 किलो शेण धरलं तर रोज सव्वादोनशे किलो, म्हणजे वीस-बावीस जनावरं, तीही गोठ्यात बांधलेली. आमच्याकडं इतकी दावण किती घरी होती? जिथं होती तिथं गुरं दिवसभर रानात चरत आणि निम्मं शेण रानातच पडे. शिवाय विहीर शेतात आणि गोठा गावात. गॅस काही बैलगाडीतून नेता येत नव्हता. त्यातच गॅसमधला हायड्रोजन सल्फाइड बेअरिंगं आणि नोझल खातो. लोखंडाच्या किसाच्या गाळणीतून गॅस सोडला तर तो अडतो, पण किस वेळेवर बदलावा लागतो. जिथं कुणी तो बदलला नाही तिथं इंजिन कुरकुरायला लागलं आणि दोष गॅसच्या माथी आला.

तिसरी लाट गॅसिफायरची, म्हणजे युद्धातल्या त्या भट्टीचाच सुधारलेला अवतार. केंद्रात 1982 मध्ये अपारंपरिक ऊर्जा विभाग सुरू झाला आणि त्या दशकात लाकडाच्या वायूवर चालणाऱ्या पंपसेटना अनुदान मिळू लागलं. यावेळी वायू डिझेल इंजिनाला जोडला होता. या लाटेमुळं मला खरी आशा वाटली, कारण तिचं जळण आमच्या शिवारात पडून होतं. कापूस वेचून झाला की पऱ्हाटी उरते, तूर काढली की तुराटी. हेक्टरी दोन-तीन टन पऱ्हाटी निघते. थोडी चुलीला जाते, थोडी कुंपणाला, आणि बाकीची धुऱ्यावर पेटवून देतात. त्या जाळाचा धूरही आपल्याच नाकात जातो. तीच पऱ्हाटी वाळवून, बारीक तुकडे करून गॅसिफायरमध्ये टाकली तर पाच हॉर्सपॉवरचं इंजिन तासाला साडेतीन-चार किलो जळण आणि पाव लिटर डिझेलवर चालू शकतं. मी हा हिशोब वहीत मांडला तेव्हा सगळ्या तालुक्याची पऱ्हाटी मला डिझेलच्या पिंपांसारखी दिसायला लागली.

आमच्या तालुक्यातल्या एका गावात असा एक संच बसला. कुणी बसवला त्याचं नाव घेण्यात अर्थ नाही. त्यांचा हेतू चांगला होता. उद्‌घाटनाला हार झाले, चाचणीची ज्योत निळी पेटली, पाणी चढलं. पावसाळ्यात पऱ्हाटी ओली झाली. जळणात वीस टक्क्यांहून जास्त ओल असली की वायूत डांबर वाढतं. ते डांबर वाल्व्हवर बसलं आणि वाल्व्ह चिकटले. गाळणीचं काळं पाणी कुठं टाकायचं हे कुणी ठरवलं नव्हतं. तुकडे कोण करणार, त्याची मजुरी कोण देणार, तेही ठरलं नव्हतं. ज्या पोरानं तो चालवायला शिकून घेतलं होतं तो पुढं पुण्याला कंपनीत लागला. त्यानंतर तो संच कुणी पेटवला नाही.

याउलट एक दाखला कर्नाटकातला. तुमकूर जिल्ह्यातल्या होसहळ्ळी या छोट्या गावात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेनं 1988 मध्ये असाच लहान गॅसिफायर डिझेल इंजिनाला जोडला. त्यावर गावाचे दिवे लागले आणि पिण्याचं पाणी चढलं. तिथं जळणासाठी गावाची स्वतःची लागवड होती, चालवणारी माणसं गावातलीच होती आणि संस्थेचे लोक मागं उभे होते. म्हणून तो वर्षानुवर्षं चालला. यंत्र आमच्या गावातल्यापेक्षा फार वेगळं नव्हतं. वेगळी होती ती त्याच्याभोवतीची व्यवस्था. आपल्याकडे फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी अनेक वर्षं शेतातल्या काडीकचऱ्यापासून ऊर्जा या विषयावर काम केलं आणि तालुका हाच ऊर्जेच्या नियोजनाचा घटक धरावा, असं मांडलं. मला ती मांडणी अजूनही बरोबर वाटते. मालेगाव तालुक्यात किती पऱ्हाटी निघते, कुठं साठते आणि कुणाच्या उपयोगी पडते, हे तालुक्यातच कळतं.

या लाटा ओसरण्याचं आणखी एक कारण होतं, वीज. विहिरीपर्यंत तारा आल्या आणि पंपाचं बिल मीटरऐवजी हॉर्सपॉवरवर आकारलं जाऊ लागलं. इतक्या स्वस्त विजेपुढं कुणाला पऱ्हाटी तोडत बसायचं होतं? इंजिनं शेडच्या कोपऱ्यात गेली. मग 2005 नंतर काही वर्षं भारनियमनानं कहर केला आणि डिझेल नव्या रूपात परत आलं. या वेळी ते शेतात नव्हतं, गावाच्या मध्यात होतं. अकोला, वाशीम, मेहकर आणि शेलूबाजाराकडून येणारे रस्ते मालेगावात भेटतात. त्या रस्त्यांवरचे दवाखाने, कापड दुकानं, बँका, मंगल कार्यालयं, मोबाइलचे टॉवर, सगळीकडं जनरेटर धडधडू लागले. विहिरीवरच्या इंजिनाचा धूर वाऱ्यावर जाई. बाजारातल्या जनरेटरचा धूर शेजारच्या दुकानात आणि वरच्या माळ्यावरच्या घरात जातो.

आणि सगळ्यात जास्त धूर जातो तो जनरेटर चालवणाऱ्या पोराच्या छातीत. माझे कित्येक विद्यार्थी या कामाला लागले. लग्नाच्या रात्री मांडवामागं, सेटच्या बाजूला खाट टाकून ते झोपतात, कारण मध्येच बंद पडलं तर हाताशी माणूस पाहिजे. पहाटे त्यांच्या नाकातून काळं निघतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं जून 2012 मध्ये डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. मी वर्गात इंजिनाची कार्यक्षमता शिकवत आलो, पण त्या पोरांना पाहिल्यापासून हा गट आधी शिकवू लागलो.

म्हणून चौथी लाट वेगळी आहे. आधीच्या तिन्ही तुटवड्यातून आल्या आणि तुटवडा सरला की गेल्या. ही धुरामुळं आली आहे. दिल्लीच्या राजधानी परिसरात हवा गुणवत्ता व्यवस्थापन आयोगानं 2022 आणि 2023 मध्ये आदेश काढले. त्यातून, जिथं गॅसची सोय आहे तिथं जुने मोठे जनरेटर 70 टक्के गॅस आणि 30 टक्के डिझेल अशा जोडीवर आणायची वेळ मालकांवर आली. देशभरात 1 जुलै 2023 पासून नव्या जनरेटरना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे कडक निकष लागू झाले. जुन्या सेटचं काय, हा प्रश्न मालेगावसारख्या गावांपुढं तसाच आहे, कारण आमच्याकडचे सेट बहुतेक जुने, कुणीतरी शहरात वापरून विकलेले.

गॅसही आता फार दूर नाही. समृद्धी महामार्ग आमच्या तालुक्यातून जातो आणि त्याच्याच हद्दीतून बराचसा मार्ग काढत गेलची मुंबई–नागपूर गॅसवाहिनी टाकली आहे. पण वाहिनी गावाजवळून गेली म्हणजे मंगल कार्यालयाच्या जनरेटरपर्यंत नळ आला असं होत नाही. तोवर घरचा गॅस आहे. पुणे महापालिकेनं ओल्या कचऱ्याच्या संयंत्रांतून निघणाऱ्या गॅसवर वीज करून रस्त्याचे दिवे लावले. आमच्या बाजार समितीचा सडका भाजीपाला, हॉटेलांचं खरकटं, लग्नातलं उरलेलं अन्न हे सगळं आज उकिरड्यावर कुजतं आणि त्याचा मिथेन फुकट हवेत जातो. शेणापेक्षा खरकटं गॅस लवकर देतं, हे पुण्याच्या आरती संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी कधीच दाखवून दिलेलं आहे.

त्या मालकाला मी गॅसच्या मर्यादाही सांगितल्या. जोड इंधनानं काजळी खूप कमी होते, पूर्ण लोडवर नायट्रोजनची ऑक्साइडंही सहसा कमी होतात. पण सेट मोठा आणि लोड थोडा असला की गॅस पातळ पडतो, अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड व न जळलेला मिथेन धुराड्यातून बाहेर पडतात. शंभर वर्षांच्या हिशोबात मिथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा अठ्ठावीसेक पट तापवतो, म्हणजे काजळी वाचवून ताप वाढवला असं व्हायचं. आमच्याकडं अशीच चूक सर्रास होते: पंचवीसच्या कामाला साठचा सेट घेतात, कारण तो जुन्या बाजारात स्वस्त मिळतो. नोझलमधून डिझेल कमी जाऊ लागलं की त्याचं टोक थंड राहत नाही, त्यावर कार्बन धरतो. ते काढून साफ करावं लागतं. लाकडाचा वायू वापरला तर इंजिन आपल्या ताकदीच्या वीसेक टक्के गमावतं. आणि कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. बंद खोलीत गॅसिफायर पेटवणं म्हणजे जीव घालवणं.

तेव्हा माझा क्रम असा आहे. आधी दिवसाचं काम सौरऊर्जेवर आणि बॅटरीवर टाका, म्हणजे जनरेटर चालण्याचे तासच घटतील. मग सेट कामाच्या मापाचा घ्या. सायलेन्सरचं तोंड लोकांच्या डोक्याच्या वर न्या आणि नोझल-फिल्टर वेळेवर बदला. निम्मा काळा धूर दुर्लक्षाचा असतो. एवढं झाल्यावर, आणि रोज गॅस मिळण्याची खात्री असेल तरच, किट लावा. नाहीतर ती चार महिन्यांनी काढून ठेवली जाईल.

आणि या सगळ्याच्या आधी माणूस तयार करा. वाशीम जिल्हा 1998 मध्ये अकोल्यापासून वेगळा झाला. जिल्ह्यात आयटीआय आहेत, अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात अपारंपरिक ऊर्जेचा विभाग आहे, पऱ्हाटीवर मुंबईच्या कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेचं काम आहे. डिझेल मेकॅनिकच्या अभ्यासात जोड इंधनाचा एक महिना घाला. त्यात गाळणी बदलणं, जळणाची ओल मोजणं, कार्बन मोनॉक्साइडचा गजर लावणं, धूर मोजणं आणि वही भरणं हे हातानं करवून घ्या. जो पोरगा हे करेल त्याला गावातच पगार मिळेल अशी सोय बाजार समिती, नगरपंचायत आणि मंगल कार्यालयं मिळून करू शकतात. चार सेटमागं एक माणूस परवडतो. मागच्या तिन्ही वेळा आपण यंत्र आणलं आणि ते सांभाळणाऱ्याला जाऊ दिलं. या वेळी तो गावात राहिला, तर गॅस टिकेल, आणि त्या पोराच्या छातीतला धूरही कमी होईल.